६.७ डिझेल पिकअप आणि ९,००० पौंडांचा ट्रेलर: चढावर गिअरबॉक्स तापतो, उतारावर ब्रेकचा वास, ६० च्या वर ट्रेलर डुलतो

घाटवाट:
नमस्कार मंडळी. मुक्काम कोलोरॅडो. ट्रक २०१७ चा, पाऊण टनी वर्गातला, ६.७ लिटर डिझेल, ६ स्पीड ऑटोमॅटिक, मागचा ॲक्सल ३.५५ चा. ८८,००० मैल झालेत. मागे ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, दोन ॲक्सलचा, त्याच्या पाटीवर कमाल वजन ९,८०० पौंड. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचा ट्रकवर येणारा भार स्प्रिंग बारांनी पुढच्या चाकांकडेही वाटणारा जोड) आहे, साखळीवाला. ट्रकची कमाल वजनमर्यादा (सगळं भरून) १०,००० पौंड, दारावरच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) २,१८०.

तीन तक्रारी आहेत.

१) आय-७० महामार्गावर सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंतच्या चढावर गिअरबॉक्सचं तापमान २३८ फॅरेनहाइटपर्यंत जातं. कूलंट २२६. पंखा जोरात घोंघावतो. वेग ४० मैल, गिअर चौथा, आरपीएम १,७०० च्या आसपास, आणि पाय स्थिर असतानाही काटा मधूनच २००-३०० ने वर जातो, परत खाली येतो. क्रूझ लावलेला होता, टो/हॉल (ओझं ओढतानाचा गिअरबॉक्सचा मोड) नव्हता.

२) बोगदा ओलांडून जॉर्जटाउनकडे उतरताना ट्रकच्या पुढच्या ब्रेकचा वास येतो. ट्रेलर ब्रेकचा गेन (ट्रकमधला कंट्रोलर ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर देतो ते) ९.५ वर ठेवूनही ट्रेलर धरतोय असं वाटत नाही. डॅशवर मधूनच 'ट्रेलर डिस्कनेक्टेड' येतं आणि जातं.

३) सपाटीवर ६२ च्या वर गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, मोठा ट्रक शेजारून गेला की जास्तच.

गिअरबॉक्सला मोठा कूलर आणि मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवायचा विचार आहे. पैसे घालायला तयार आहे, पण नेमके कुठे घालू?

नांगरगाठ:
घाटवाट, सामान विकत घेण्याआधी वजनकाटा. ट्रक ९,००० पौंड ओढेल, त्यात शंका नाही. पाऊण टनी डिझेलची ओढण्याची क्षमता सहसा आडवी येत नाही, आडवा येतो पेलोड. ट्रेलर जोडला की त्याच्या जिभेचं (पुढच्या जोडाच्या दांड्याचं) ट्रकवर येणारं वजन, हिच, माणसं, मागच्या पेटीतलं सामान असं सगळं त्या २,१८० मधूनच वजा होतं.

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर प्लॅटफॉर्मवाले काटे असतात. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वेगवेगळं वजन एकाच पावतीवर मिळतं. प्रवासाला निघताना जसं भरता तसंच भरून जा (डिझेल फुल, माणसं बसलेली) आणि तीन वेळा वजन करा.

पहिलं: ट्रेलर जोडलेला, स्प्रिंग बार ताणलेले.
दुसरं: ट्रेलर जोडलेलाच, पण बार सोडलेले.
तिसरं: ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. हिचचं डोकं मात्र ट्रकलाच राहू द्या, नाहीतर शंभरेक पौंड कुठे गेले ते कळत नाही आणि हिशेब चुकतो.

तिन्ही आकडे इथे टाका. आणि एक सांगा: ट्रेलरच्या मागच्या टोकाला काही लटकवलंय का? ग्रे (सांडपाण्याची) टाकी रिकामी होती का?

घाटवाट:
काल करून आलो. सगळे पौंडांत, क्रम पुढचा ॲक्सल / मागचा ॲक्सल / ट्रेलर:

बार ताणून: ४,४४० / ५,१२० / ८,३००
बार सोडून: ४,३८० / ५,२२० / ८,२६०
नुसता ट्रक: ४,७२० / ४,०२०

मागच्या बंपरवर चार सायकली आहेत, रॅकसकट १२० पौंड. ग्रे टाकी ४० गॅलनची, परत येताना भरलेलीच असते. उतरायच्या जागी रांग असते म्हणून घरी येऊन रिकामी करतो.

नांगरगाठ:
डुलण्याचं कारण सापडलं. हिशेब असा:

बार सोडलेले असताना ट्रकच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ९,६००. नुसता ट्रक ८,७४०. फरक ८६०, हे तुमचं टंग वेट, म्हणजे जिभेचं वजन. ट्रेलरचं पूर्ण वजन ८,२६० अधिक ८६०, म्हणजे ९,१२०. टक्केवारी येते ९.४. ट्रॅव्हल ट्रेलरला १० ते १५ टक्के लागतं, आणि ३० फुटी अंगाला मी १२-१३ च्या खाली समाधान मानणार नाही. जीभ हलकी झाली की ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलजवळ सरकतो. मग बाजूने हवेचा एक धक्का बसला तरी तो स्वतःहून सरळ होत नाही, झोके घेत राहतो.

सायकली ॲक्सलच्या मागे साधारण १४ फुटांवर, आणि बॉल ते ॲक्सल अंतर १८ फूट धरू. तिथले १२० पौंड काढले की जिभेवर ९३ वाढतात. ग्रे टाकी ॲक्सलच्या मागे ६ फुटांवर असेल तर ४० गॅलन पाणी, गॅलनला ८.३४ पौंड म्हणजे ३३४ पौंड; ती रिकामी केली की आणखी १११. बेरीज १,०६४. आणि ट्रेलर उरला ८,६६६ चा. १२.३ टक्के. एक पैसा न घालता. (टाकीची आणि रॅकची खरी अंतरं टेप लावून मोजा, मी अंदाजाने धरलीत.)

आता दुसरी बाजू. सायकली ट्रकच्या पेटीत टाकल्या तर ट्रक ८,८६०, त्यात टंग वेट १,०६४ मिळवलं की ९,९२४. मर्यादा १०,०००. उरले ७६ पौंड. म्हणजे पेटीत जनरेटर, लाकडं, जास्तीचं पाणी असं आता काही भरायचं नाही. ट्रेलरचं डुलणं कमी करायला जीभ जड करावी लागते आणि ती जड झाली की पेलोड संपतो, हा पाऊण टनी डिझेलचा नेहमीचा पेच. इंजिनच इतकं जड असतं की पेलोड गॅसवाल्या ट्रकपेक्षा कमी राहतो.

हिचबद्दल: ट्रेलर जोडल्यावर पुढचा ॲक्सल ४,७२० वरून ४,३८० वर आला, ३४० पौंड उडाले. बार ताणल्यावर परत आले फक्त ६०. किती परत आणायचे ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये टोइंगच्या प्रकरणात दिलेलं असतं; बऱ्याच पिकअपना साधारण निम्मे सांगितलेले असतात. तुमचे बार नुसते लटकलेत. साखळीची एक कडी वर घ्या. तरी कमी पडलं तर हिचच्या डोक्यातला एक वॉशर वाढवून ते मागे झुकवा. दरवेळी काट्यावर जायची गरज नाही: पुढच्या चाकावरच्या फेंडरच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा, नुसता ट्रक, जोडून बार नसताना, जोडून बार लावल्यावर. वर गेलेल्यातलं निम्मं खाली आलं पाहिजे.

तेवढ्यात बॉलचा नटही बघा. सव्वा इंची शँकला (बॉलखालच्या दांड्याला) ४५० फूट-पौंड टॉर्क लागतो, घरच्या पान्याने तो बसत नाही.

डुलायला लागलाच तर: ट्रकचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडा, आणि ब्रेक कंट्रोलरची हाताची पट्टी हळू दाबून नुसता ट्रेलर मागे ओढून धरा.

तेलवात:
तक्रार क्रमांक १ वर लिहितो. मोठा कूलर आत्ताच नको. आधी उष्णता तयार कुठे होतेय ते बघू.

ऑटोमॅटिकमध्ये जवळजवळ सगळी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागात) तयार होते. त्याच्या आत इंजिनकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात जितका फरक, तितकी शक्ती तेलातच जिरते. कन्व्हर्टरमधला क्लच लॉक झाला की दोघं एक होतात आणि हा तोटा जवळपास बंद होतो. तुमचा आरपीएमचा काटा पाय स्थिर असताना २००-३०० ने वर-खाली होतोय, ते हेच आहे. क्लच लॉक होतोय, सुटतोय, परत लॉक होतोय.

किती उष्णता? तुमचं एकूण वजन १७,८६०, चढ ७ टक्के: नुसता चढ चढायलाच १,२५० पौंडांची ओढ लागते. ४० मैलांना ती होते १३३ अश्वशक्ती. टायरचा आणि हवेचा विरोध धरून १७५-१८० म्हणा. कन्व्हर्टर सुटलेला असताना त्यातली १० टक्के जरी तेलात गेली तरी १८ अश्वशक्ती, म्हणजे १३ किलोवॉट. घरातले दीड-दीड किलोवॉटचे आठ-नऊ हीटर एकदम गिअरबॉक्सच्या तेलात सोडल्यासारखं.

वर उंचीचा मारा. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी विरळ. इंजिनला कमी पडलेली हवा टर्बो भरून काढतो, रेडिएटरला टर्बो नसतो. तितकाच पंखा, तितकाच वेग, पण उष्णता वाहून नेणारी हवा कमी.

म्हणून चढाच्या पायथ्याशी, चढ सुरू व्हायच्या आधी:
टो/हॉल लावा. क्रूझ काढा. हाताने तिसऱ्या गिअरवर या. तुमच्या ३.५५ च्या ॲक्सलला ४० मैलांना तिसऱ्यात आरपीएम साधारण २,२०० ते २,३०० येतील. डिझेलला आवाज जास्त वाटतो, पण त्या आरपीएमला क्लच लॉक राहतो, वॉटर पंप आणि पंखा जास्त फिरतात, आणि तेवढ्याच कामाला इंजिनला टॉर्क कमी लावावा लागतो. १,७०० ला पाय दाबून 'इंजिनला त्रास नको' म्हणणं म्हणजेच त्याला त्रास देणं.

ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) असेल तर 'टीसीसी स्लिप' (कन्व्हर्टरचा क्लच किती घसरतोय) हा आकडा स्क्रीनवर घ्या. लॉक असताना तो शून्याच्या आसपास हवा. टो/हॉलमध्ये, तिसऱ्यात, २,२०० च्या वर सुद्धा तो शंभर-दोनशे दाखवत राहिला तर मात्र क्लच स्वतःच घसरतोय. तेव्हा गिअरबॉक्स उघडायचं बोलू.

तापमानाचे माझे टप्पे: सपाटीवर ओढताना २०० पर्यंत ठीक. चढावर थोडा वेळ २२० चालतं. २३० ला गिअर खाली, वेग कमी. २४० ला बाजूला घ्या, न्यूट्रलमध्ये १,१००-१,२०० आरपीएमवर चालू ठेवा. इंजिन बंद केलं तर तेलाचं फिरणं थांबतं आणि गरम तेल कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. सेन्सर कुठे आहे तेही पाहा. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचा आकडा पॅनमधल्या तेलापेक्षा बराच वर असतो, दोन ट्रकांची तुलना करताना लोक इथेच फसतात.

कूलंट २२६ आहे, म्हणजे फक्त गिअरबॉक्सची गोष्ट नाही. ८८,००० मैलांच्या ट्रकमध्ये पहिला संशय जाळ्यांवर. पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर, त्यामागे रेडिएटर. वरून बघितलं तर पुढची जाळी स्वच्छ दिसते. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या फटीत टॉर्च मारा. कॉटनवुड झाडाची म्हातारी (उडणारा कापूस), किडे आणि इंजिनच्या ब्रीदरचं तेल यांचा नमदा तिथे बसलेला असतो, करड्या कांबळ्यासारखा. पंख्याचं आवरण काढून, डीग्रीझर मारून दहा मिनिटं थांबून, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळीने धुवा. प्रेशर वॉशर नको, पाती आडवी पडतात आणि मग ती जाळी कायमची बंद. पुढून पाणी मारलंत तर तो नमदा आणखी आत जाईल.

पंख्याचा क्लच: रीडरवर 'फॅन डिझायर्ड' आणि 'फॅन ॲक्च्युअल' असे दोन आकडे मिळतात. मागणी आणि प्रत्यक्ष यांत मोठं अंतर असेल तर क्लच गेला. तुमचा घोंघावतोय म्हणता, म्हणजे बहुधा ठीक आहे.

तेल: २३८ वारंवार पाहिलंय, तर बदला. डब्यावरचं नाव मॅन्युअलशी तंतोतंत जुळलं पाहिजे. मर्कॉन एलव्ही, मर्कॉन यूएलव्ही, एटीएफ प्लस फोर ही तीन वेगळी तेलं आहेत, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पॅन काढल्यावर निम्म्यापेक्षा कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून पॅन आणि फिल्टर एकदा, मग ५-६ हजार मैलांनी परत पॅन. जुनं तेल पांढऱ्या कागदावर टाका: लालसर तपकिरी चालेल, काळं आणि जळका वास असेल तर क्लचच्या प्लेटा झिजल्यात. पॅनच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप नेहमीचाच, बोटाला टोचणारा कण आला तर थांबा.

पक्कड:
तक्रार क्रमांक २. गेन ९.५ वर आहे आणि ट्रेलर धरत नाही, म्हणजे गेन हा उपाय नाही. करंट मोजा. व्होल्ट नको, अँपिअर. ट्रकमध्ये बसवलेला कंट्रोलर तुकड्या-तुकड्याने पल्स सोडतो आणि बरेचसे कंट्रोलर उभ्या ट्रकला पूर्ण जोर देतच नाहीत, त्यामुळे साध्या मीटरवर येणारा व्होल्टेज फसवतो.

लागणार डीसी मोजणारा क्लँप मीटर. साधा एसीचा क्लँप चालत नाही. कृती:

ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. सात पिनांचा प्लग ट्रकमधून काढा. हे विसरू नका, नाहीतर करंट उलटा ट्रकच्या कंट्रोलरमध्ये जातो. ट्रेलरची बॅटरी पूर्ण चार्ज हवी. आता जिभेवरच्या ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या) पिन ओढा. ट्रेलरचे सगळे ब्रेक बॅटरीवर पूर्ण लागतात. क्लँप ब्रेकच्या वायरवर लावा, आकडा वाचा, पिन परत घाला. मिनिटभराच्या वर ओढून ठेवू नका, मॅग्नेट (चाकातले ब्रेक लावणारे विद्युत चुंबक) तापतात.

दोन ॲक्सल, चार चाकं, चार मॅग्नेट. १२ व्होल्टला प्रत्येकी ३ ते ४ अँपिअर. एकूण १२ च्या खाली येता कामा नये. ९ आले तर एक चाक मेलंय. ६ आले तर अख्खा ॲक्सल. आकडा ठीक आहे पण ब्रेक लागत नाही, तर वायरिंग सोडा आणि ड्रम उघडा.

अख्खा ॲक्सल गेला असेल तर आधी ॲक्सलच्या पोकळ नळीत बघा. एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी वायर कारखान्यातूनच नळीच्या आतून ओवलेली असते. ती मोकळी असते, रस्त्यावर हजारो मैल नळीच्या धारेवर घासते, आवरण जातं आणि धातूला टेकते. खड्ड्यात टेकते, सपाटीवर सुटते. 'ट्रेलर डिस्कनेक्टेड' येतं-जातं ते बहुधा याच वायरीमुळे. दुरुस्ती आतून करू नका. जुनी वायर तिथेच मेलेली राहू दे. १२ गेजची नवी दुहेरी केबल नळीच्या बाहेरून, वरच्या अंगाने, क्लिपांनी बांधून घ्या. जोड क्रिंप करून वर उष्णतेने आवळणारी, आत गोंद असलेली नळी. चिमटून बसवायचे निळे प्लॅस्टिकचे जोड ब्रेकच्या वायरीवर कधीच नको, एका हिवाळ्यात हिरवे पडतात.

सात पिनांचा प्लगही उघडा. ब्रेकची आणि अर्थिंगची पिन घासून चकचकीत करा, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. वायरच्या रंगावर विसंबू नका: आरव्हीचा रंगक्रम वेगळा, इतर ट्रेलरांचा वेगळा. पांढरी अर्थिंग आणि निळी ब्रेक एवढं बहुतेक ठिकाणी जुळतं, बाकी मीटर लावूनच ठरवा. अर्थिंगची वायर चौकटीला जिथे बोल्टने लावली असते तिथला रंग खरवडून धातू उघडा करा.

मग ड्रम. जॅक ॲक्सलच्या नळीखाली नको, वाकते. चौकटीखाली लावा आणि स्टँड द्या. आत बघायच्या गोष्टी:

लायनरवर ग्रीस आहे का. ओलसर काळा चिकट थर दिसला तर मागचं सील गेलंय. लायनर पेट्रोलने पुसून वाचवायचा प्रयत्न करू नका, ग्रीस आत मुरतं आणि गरम झालं की परत बाहेर येतं. दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

मॅग्नेटचा चेहरा. त्यावर पट्टी उभी धरा. एका बाजूला उजेड दिसला तर तो तिरका झिजलाय, बदला. आतलं तांबं दिसत असेल तर बदलायला उशीरच झालाय.

नंतर ॲडजस्टमेंट. मागच्या प्लेटच्या खाचेतून ब्रेक स्पून घालून तारा-चाक (लायनरचं अंतर जुळवणारं दातेरी चाक) फिरवा, चाक हाताने फिरवणं जड होईपर्यंत. मग मागे सोडा, लायनर हलकासा घासल्याचा आवाज येईल पण चाक मोकळं फिरेल इतकं. चारही चाकांना तेच. स्वतःहून ॲडजस्ट होणारे नसतील तर नव्या लायनरला २०० मैलांनी पहिल्यांदा, पुढे दर ३,००० मैलांनी. हे कोणी करत नाही, आणि मग गेन वाढवत वाढवत ९.५ वर येतो.

शेवटी गेन परत लावा: सपाट कोरडा रस्ता, २५ मैल, फक्त हाताची पट्टी पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घसरतात त्याच्या जरासं खाली गेन ठेवा.

उतरायची पद्धतही बदला. आपल्याकडे घाटात सांगतात तेच इथेही: ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनकडूनच वेग धरणारा) आणि टो/हॉल उतार सुरू होण्याआधी लावा, वेग धरून मग गिअर शोधू नका. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही. ४५ ठरवला असेल तर ४५ ला घट्ट दाबून ४० वर आणा, पूर्ण सोडा, परत ४५ झाला की परत. मधल्या मोकळ्या वेळात ब्रेक गार होतात. रस्त्यावर बर्फ असेल तर एक्झॉस्ट ब्रेक बंद, मागची चाकं घसरतात.

लाल_माती:
एअरबॅगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. घाटवाट दादा, सध्या घेऊ नका. एअरबॅग मागची बाजू उचलते, दिसायला ट्रक सरळ होतो, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन पुढे परत येत नाही. ३४० उडालेले तसेच उडालेले राहतात. आणि हवा भरून मागचं उचललं की वेट डिस्ट्रिब्यूशनच्या बारांवरचा ताण उलट कमी होतो. पेलोडही एका पौंडाने वाढत नाही, दारावरचा आकडा तोच. बसवायच्याच असतील तर आधी बार नीट लावून, काट्यावर जाऊन, शेवटी पुढच्या दिव्यांचा झोत खाली आणण्यापुरती हवा.

पक्कड यांच्या एका मुद्द्यात भर. ब्रेकअवेची चाचणी करताना आकडा वाचून झाला की ट्रेलर गार असतानाच प्रत्येक ड्रमवर हात ठेवा आणि नंतर १० मैल चालवून, फक्त ट्रेलरचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून, इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हब मोजा. जो हब गार तो काम करत नाही. जो बाकीच्यांपेक्षा ३०-४० अंशांनी गरम, तो अडकलाय किंवा त्याचं बेअरिंग जायला आलंय.

टायर: ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरची तारीख बघा. डीओटी नंतरचे शेवटचे चार आकडे, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा वर्षांच्या पुढे मी ठेवत नाही. हे टायर बसून बसून मरतात. हवा थंड असताना बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी, लोड रेंज ई ला ८०. दर १० अंशाला दीड-दोन पीएसआय बदलतं, म्हणून सकाळच्या ४० अंश फॅरेनहाइटला भरलेलं दुपारच्या ८० ला जास्त दिसलं तर हवा सोडू नका.

घाटवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने सांगतो.

ब्रेकअवे ओढून करंट: ६.१ अँपिअर. मागचा अख्खा ॲक्सल मेलेला. वायर नळीतच तुटली होती, बाहेर ओढली तर तांबं उघडं आणि टोक काळं. बाहेरून नवी टाकली, प्लग घासला. आता १२.४. चारही ॲडजस्ट केले, उजव्या मागच्या चाकाला तारा-चाक बरंच फिरवावं लागलं. गेन आता ६. डॅशवरचा संदेश परत आला नाही.

रेडिएटर आणि इंटरकूलरच्या फटीतून अर्धी बादली नमदा निघाला. तेल आणि फिल्टर बदलले, कागदावर तपकिरी, चुंबकावर मऊ लेप.

ग्रे टाकी रिकामी, सायकली पेटीत, साखळीची एक कडी वर. नवं वजन: ४,५०० / ५,२८० / ७,७४०. एकूण १७,५२०.

शनिवारी तोच चढ, टो/हॉल, तिसरा गिअर, ४० मैल: गिअरबॉक्स २११, कूलंट २१३. स्लिप शून्य ते १५. उतारावर ब्रेक फार कमी लागला. ६५ ला मोठा ट्रक शेजारून गेला तेव्हा एक हलका धक्का, लगेच सरळ.

एक प्रश्न राहिला: ॲक्सलच्या टोकाला रबरी टोपीखाली ग्रीसची निप्पल आहे. बेअरिंग न काढता तिथूनच ग्रीस भरलं तर चालेल ना?

पक्कड:
नको. गनने जोरात भरलं की आतलं सील ढकललं जातं आणि ग्रीस सरळ लायनरवर. तुमचे लायनर आत्ता कोरडे आहेत, कोरडेच राहू देत. अगदी भरायचंच असेल तर चाक उचलून, सतत फिरवत, हाताच्या गनने हळूहळू, जुनं ग्रीस पुढून बाहेर येईपर्यंत.

वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, बेअरिंग काढा, केरोसीनमध्ये धुवा, पूर्ण वाळवा (हवेच्या नळीने गरगर फिरवू नका), तळहातावर ग्रीस घेऊन रुंद बाजूने दाबत रोलरांच्या मधून वर निघेपर्यंत भरा. सील दरवेळी नवं. बसवताना ड्रम फिरवत नट ५० फूट-पौंड आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग पूर्ण सैल करा, ड्रम न फिरवता. मग नुसत्या बोटांनी टेकेल तेवढाच आवळा आणि नवी कॉटर पिन. ५० वरच सोडून दिलंत तर ते बेअरिंग पहिल्याच लांब प्रवासात निळं पडेल.

नांगरगाठ:
वजनं बघितली. ट्रकवर ९,७८०, मर्यादेत. पुढचा ॲक्सल उडाल्यापैकी साधारण निम्मा परत आलाय, आता कडीला हात लावू नका.

चाकं काढली होतीत म्हणून: अर्धा इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड, तीन टप्प्यांत, चांदणीच्या क्रमाने. आणि १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून परत टॉर्क. शनिवारी ते केलं नसेल तर ट्रेलर पुढच्या वेळी हलवण्याआधी करा.